बीपी नॉर्मल आहे, तरी सिस्टर डॉक्टरांना का बोलावते?

रात्रीचे साडेबारा. सर्जिकल वॉर्डात बेड ९ वरच्या काकांचं दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय. त्यांची सारखी चुळबुळ चाललीय. पांघरूण ढकलतायत, कुठे दुखतंय विचारलं तर नीट सांगत नाहीत, "बरं वाटत नाही" एवढंच म्हणतायत. मुलगा काउंटरपाशी येऊन म्हणतो, "सिस्टर, बाबांना दुखतंय वाटतं. एखादं इंजेक्शन द्या ना, झोपतील तरी." केसपेपरवर वेदनाशामकाची 'गरज पडल्यास द्यावे' अशी ऑर्डर आहेच. नुकतंच मोजलेलं बीपी ११८/८६, पल्स ९८, श्वास मिनिटाला २०, ऑक्सिजन ९६ टक्के, ताप नाही. घाबरून जावं असा यात एकही आकडा नाही.

अशा वेळी इंजेक्शन देऊन टाकणं सगळ्यात सोपं. ऑर्डर आहे, नातेवाईक मागतायत, माणूस त्रासात आहे. पण अनुभवी सिस्टर आधी चार्टवर मागे जाते. रात्री दहाला काय होतं? बीपी १२८/७६, पल्स ८४, श्वास १६. आता हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पल्स चौदाने वाढली, श्वास चारने वाढला, वरचं बीपी दहाने उतरलं आणि खालचं दहाने चढलं. वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर ५२ होतं, ते ३२ वर आलं.

या शेवटच्या ओळीपाशी थोडं थांबू, कारण बाहेरच्या माणसाच्या ती लक्षात येत नाही. शरीरातून रक्त कमी होऊ लागलं की शरीर आधी ते झाकायचा प्रयत्न करतं. हृदय भरभर धावतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे उरलेलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळतं. वाहिन्या आवळल्यामुळे खालचं बीपी चढतं आणि वरचं बराच वेळ तग धरून राहतं. धडधाकट प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं पाऊण ते दीड लिटर गेलं तरी वरचं बीपी बहुतेक वेळा ठीकच दिसतं. मग ते एकदम कोसळतं. म्हणून 'बीपी नॉर्मल आहे' या वाक्यावर ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री फार विसंबू नये. लहान मुलं आणि तरुण पेशंट तर याहून जास्त वेळ झाकून नेतात. उलट, एखाद्याला बीटा ब्लॉकर गटातली, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असेल, तर आतून रक्त जात असतानाही त्याची पल्स फारशी वाढतच नाही. तेव्हा पल्ससुद्धा फसवते.

सिस्टर बेडपाशी जाते. हात हातात घेते, तो गार आहे. नखावर दाब देऊन सोडते. गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा, इथे जास्त वेळ लागतोय. युरीन बॅग बघते. दहा वाजता रिकामी केली होती, त्यानंतर जेमतेम ३५ मिली जमलंय. माणसाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हावी, असा साधा हिशोब आहे. काकांचं वजन ६० किलो, म्हणजे अडीच तासांत ७५ मिली तरी हवी होती. नळी कुठे मुडपलीय का, तेही ती बघून घेते. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीत, काही आलेलं नाही. कच्ची सिस्टर इथे सुटकेचा निःश्वास टाकेल. पण ड्रेनच्या तोंडाशी रक्ताची गुठळी अडकली तरी तो कोरडाच दिसणार. ड्रेसिंग वरून स्वच्छ आहे, तरी ती हात कमरेखाली, पाठीमागे घालून बघते, कारण रक्त ओघळतं ते खालच्या बाजूला, डोळ्यांसमोर नाही. पोट मघापेक्षा ताठ लागतंय.

सगळी मिळून तीन-चार मिनिटं गेली. नर्सिंगमध्ये ज्याला क्लिनिकल जजमेंट म्हणतात, ते या तीन-चार मिनिटांत घडतं. अमेरिकी नर्सिंग-अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये त्याचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर मागे वळून बघणं. मला विचाराल तर पहिला टप्पा सगळ्यात अवघड आहे. जे लक्षातच आलं नाही, त्याचा अर्थ कोण लावणार? आणि लक्षात येण्यासाठी पेशंटची तुलना पुस्तकातल्या माणसाशी करून भागत नाही. त्याची तुलना दोन तासांपूर्वीच्या त्याच्याशीच करावी लागते.

इंजेक्शन दिलं असतं तर?

काकांना खरंच दुखत असेलही, आणि दुखणाऱ्याला ताटकळत ठेवणं हाही वाईटच प्रकार. पण नुसत्या वेदनेने पल्स वाढते तेव्हा वरचं बीपी सहसा चढतं, उतरत नाही. अस्वस्थपणाची कारणं बरीच असतात: ऑक्सिजन कमी पडणं, रक्त जाणं, साखर उतरणं, मूत्राशय तुंबणं, औषधाचा परिणाम. या सगळ्यांवर वेदनाशामक दिलं की माणूस शांत होतो आणि कारण आत चालूच राहतं. वर त्या औषधाने बीपी आणखी उतरू शकतं. म्हणून आधी तपासायचं, मग द्यायचं. क्रम तेवढा बदलतो.

आता डॉक्टरांना फोन. हा फोन दोन तऱ्हांनी करता येतो. पहिली तऱ्हा: "सर, बेड नऊ जरा रेस्टलेस आहे. बीपी तसं ठीक आहे." अर्धवट झोपेतल्या डॉक्टरांच्या कानावर यातलं 'बीपी ठीक आहे' एवढंच पडतं. उत्तर येतं, "पेनकिलर द्या, सकाळी बघतो." त्यांना तरी काय दोष द्यायचा? काळजी वाटावी असं त्यांना कुणी सांगितलंच नाही.

दुसरी तऱ्हा: "सर, सर्जिकल वॉर्डातून बोलतेय, बेड ९ बद्दल. मला आतून ब्लीडिंग होत असल्याची शंका आहे. आज दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय. दहा वाजल्यापासून पल्स ८४ वरून ९८, बीपी १२८/७६ वरून ११८/८६, श्वास १६ वरून २०. अडीच तासांत लघवी ३५ मिली. हात गार आहेत, पोट ताठ लागतंय, ड्रेन कोरडा आहे. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तोवर रक्त जुळवून ठेवायला, क्रॉसमॅचसाठी, सॅम्पल पाठवू का?"

या बोलण्याला एक साचा आहे: आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय आणि मला तुमच्याकडून काय हवंय. हा साचा अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून रुग्णालयांत आला आणि 'एसबार' या नावाने आता जगभर शिकवला जातो. त्यातले पहिले दोन भाग बहुतेकांना जमतात. अडतं ते 'मला काय वाटतंय' इथे. आपण निदान केलं असं तर होणार नाही ना, या धास्तीने बऱ्याच सिस्टर फक्त आकडे वाचून दाखवतात. पण 'मला शंका आहे' म्हणणं म्हणजे निदान करणं नव्हे. आणि फोनवर तोंडी ऑर्डर मिळाली तर ती लिहून घ्यायची, मग जशीच्या तशी परत वाचून दाखवायची. पंधरा आणि पन्नास, इंग्रजीतलं फिफ्टीन आणि फिफ्टी, फोनवर सहज एक होतात.

मग स्कोअर कशाला असतो?

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिचं नाव न्यूज, म्हणजे नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. श्वास, ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज पाच झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. सात किंवा जास्त झाली की आणीबाणी. माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला तर त्या एकाच गोष्टीचे तीन गुण. गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'वयामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नये, याची ती तजवीज आहे.

अशी पद्धत लागली का? १९९० साली एका अमेरिकी अभ्यासात रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटचे कागद तपासले गेले. त्यातल्या ८४ टक्के पेशंटची तब्येत आधीच्या आठ तासांत बिघडत गेल्याच्या किंवा नवी तक्रार सुरू झाल्याच्या नोंदी होत्या. म्हणजे कुणीतरी मोजलं होतं आणि लिहिलंही होतं. पण त्यावर हालचाल वेळेत झाली नव्हती. स्कोअरचा मोठा फायदा इथे होतो. नव्याने लागलेल्या सिस्टरलासुद्धा तो आधार देतो. 'मला वाटतंय' ऐवजी 'स्कोअर सहा आहे' म्हटलं की फोनच्या पलीकडचा माणूस उठून बसतो.

पण साडेबारा वाजता बेड ९ चा स्कोअर किती होता? एक. पल्स नव्वदच्या वर गेली, त्याचा तो एक. स्कोअरच्या भरवशावर राहिलं असतं तर पुढचा काही वेळ शांततेत गेला असता. दोनच्या सुमाराला पल्स ११४, श्वास २४, बीपी १०८, ऑक्सिजन ९५ झालं असतं, तर बेरीज सहा. दीड तास हातचा गेला असता. स्कोअर ही किमान पातळी आहे. ठरलेला आकडा गाठला की फोन केलाच पाहिजे. त्याच्या अलीकडे फोन करायला बंदी नाही. चांगल्या रुग्णालयांच्या नियमांत 'सिस्टरला काळजी वाटते' हे एवढंसुद्धा डॉक्टरांना बोलावण्याचं पुरेसं कारण मानलेलं असतं. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात नवख्या नर्सपासून मुरलेल्या नर्सपर्यंतचा प्रवास अभ्यासला, तेव्हा त्यांना हेच दिसलं. मुरलेल्या नर्सला आधी काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, कारण नंतर सांगता येतं. त्यात जादू काही नाही. शेकडो पेशंट पाहून बसलेली ती ओळख असते.

शांत झोपलेला पेशंट

त्याच रात्री, त्याच वॉर्डात तीन जणांनी एकदम हाक मारली असं समजा. बेड २ वरचे गृहस्थ दुखतंय म्हणून ओरडतायत. बेड ५ चं सलाईन संपलंय. बेड ७ च्या मुलीला सकाळच्या डिस्चार्जबद्दल काहीतरी विचारायचंय. आणि बेड ११ च्या बाई? त्यांची हाक नाहीच. त्यांची सून कौतुकाने सांगतेय, "आई आत्ता कुठे गाढ झोपल्या, छान घोरतायत." त्यांना तासाभरापूर्वी मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक दिलंय, नाकाला ऑक्सिजन लावलाय, बोटावरचं यंत्र ९७ दाखवतंय.

आधी कुणाकडे जायचं? बेड ११ कडे.

जो ओरडतो त्याची श्वासनलिका उघडी आहे, छातीत हवा आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय. ओरडणं हाच त्याचा पुरावा. मॉर्फिननंतर घोरणाऱ्याबद्दल यातलं काही खात्रीने म्हणता येत नाही. श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. पण वॉर्डात तो आवाजाच्या उलट्या दिशेने लावावा लागतो. आणि तो ९७ चा आकडा? बाहेरून ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी तो आकडा बराच काळ छान राहतो. ते यंत्र रक्तातला ऑक्सिजन सांगतं, छातीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय की नाही ते सांगत नाही. म्हणून सिस्टर आधी बाईंना उठवून बघते. खांद्याला धरून हलवलं तर डोळे अर्धवट उघडतात, एक शब्द बोलता बोलता पुन्हा मिटतात. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांत गुंगी आधी वाढते, श्वास नंतर बंद पडतो. त्यामुळे ही पेंग हीच धोक्याची पहिली खूण. मग घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण मंद आणि अनियमित श्वासात तो हिशोब हमखास चुकतो. इथे भरले सात.

ती तिथून हलत नाही. हाका मारून मदत बोलावते, हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करते, बाईंना जागं ठेवत श्वास घ्यायला लावते आणि नॅलोक्सोन मागवते. हे औषध मॉर्फिनचा परिणाम दोन-तीन मिनिटांत उतरवतं, पण स्वतः लवकर संपतं. मॉर्फिन त्याच्यापेक्षा जास्त वेळ टिकतं. तासाभराने बाई पुन्हा गुंगीत जाऊ शकतात. 'जाग्या झाल्या, आता ठीक आहेत' म्हणून पाठ फिरवली तर दुसऱ्या वेळी कुणाचं लक्ष नसतं.

बाकीच्या तिघांचं काय? सलाईन मदतीला असलेल्या दुसऱ्या सिस्टरला सांगता येतं, डिस्चार्जचा प्रश्न थांबू शकतो, बेड २ चं दुखणं लगेच पाठोपाठ. काम सोपवण्याचा नियम तसा सोपा आहे. बीपी मोजायला सहाय्यकाला सांगता येतं. आलेल्या आकड्याचा अर्थ लावण्याचं काम देऊन टाकता येत नाही.

ऑर्डर आहे म्हणून?

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ: ही पंचसूत्री पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येते. त्यात सहावा प्रश्न मनातल्या मनात असतो, 'या माणसाला, आत्ता?' बीपीची गोळी सकाळी आठला लिहिलीय आणि आठला वरचं बीपी ९२ आहे. हृदयाचे ठोके मंद करणारं डिगॉक्सिन द्यायचंय आणि छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिट मोजल्यावर ठोके ५२ भरले. ऑर्डर बरोबर होती, लिहिली तेव्हा. आता परिस्थिती बदललीय. अशा वेळी औषध थांबवायचं, डॉक्टरांना कळवायचं आणि दोन्ही गोष्टी वेळेसकट लिहायच्या. गुपचूप थांबवणं चूक आणि डोळे झाकून देणं त्याहून मोठी चूक.

काही औषधांत तर चुकीला माफीच नाही. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. इन्सुलिन एका मिलीत ४० युनिटचं मिळतं आणि १०० युनिटचंही. १०० च्या बाटलीला ४० ची सिरिंज वापरली तर अडीचपट डोस जातो. हस्तलिखित ऑर्डरमध्ये 'युनिट'साठी इंग्रजी यू अक्षर काढलं आणि ते शून्यासारखं दिसलं, तर दहाचे शंभर होतात. अशा औषधांसाठी दोघींनी तपासायचं असतं. पण 'बघ गं, बरोबर आहे ना?' 'हो हो' याला तपासणं म्हणत नाहीत. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचून हिशोब वेगळा करायचा आणि मग दोन उत्तरं जुळतात का बघायचं.

आणि डॉक्टरांनी ऐकलंच नाही तर? आवाज चढवायची गरज नसते, शब्द चढवायचे असतात. "मला काळजी वाटतेय." नंतर "सर, हे मला पटत नाहीये." नंतर "हे पेशंटसाठी सुरक्षित नाही, आपण थांबूया." तरीही नाही, तर वरिष्ठ सिस्टर, मग त्या डॉक्टरांच्या वरचे डॉक्टर. 'डॉक्टरांना कळवलं' असं नोंदवहीत लिहिलं की आपलं काम संपलं, हा समज फार घातक आहे. पेशंटला काहीतरी मिळेपर्यंत काम संपत नाही. बोलावलं आणि काहीच निघालं नाही, असंही होणारच. त्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी चिडवलं गेलं, तर पुढच्या वेळी ती फोन करायच्या आधी दहादा विचार करेल, आणि नेमका तो दिवस बेड ९ चा असेल.

हे सगळं हाताशी वेळ असेल तर. एकटीच्या वाट्याला किती पेशंट, यावर जजमेंटचा दर्जा ठरतो, हे कुणी मान्य करायला तयार नसतं. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे शस्त्रक्रियेच्या पेशंटमध्ये, दर नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पाठीमागे हात घालून बघायला लागणारी ती तीन-चार मिनिटं कुठून तरी यावी लागतात.

नातेवाईकांकडे मात्र ही मिनिटं असतात, आणि सिस्टरकडे नसलेली एक माहितीही: हा माणूस एरवी कसा असतो. "त्रास होतोय" यापेक्षा "आई कधीच असं अडखळत बोलत नाही, संध्याकाळपासून सुरू झालंय" हे वाक्य कितीतरी कामाचं. इंग्लंडमध्ये २०२४ पासून काही रुग्णालयांत 'मार्थाज रूल' सुरू झाला. उपचार करणारी टीम ऐकत नाही असं वाटलं, तर तिथे घरचे लोक स्वतः दुसऱ्या टीमला बोलावू शकतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरून दगावलेल्या एका १३ वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. लेक बिघडत चाललीय, हे ते आधीपासून सांगत होते.

सकाळी ड्युटी बदलते. रात्रीची सिस्टर सांगते, "बेड ९ ऑपरेशन थिएटरमध्ये नेलाय, सॅम्पल गेलंय, मुलगा बाहेर बसलाय, त्याच्याशी सर बोललेत. बेड ११ ला दोनदा नॅलोक्सोन लागलं, आता जाग्या आहेत, श्वास १४." सकाळची सिस्टर लिहून घेते. मग दोघी बेड ११ पाशी जातात. सून म्हणते, "आता बऱ्या आहेत हं." सकाळची सिस्टर हसून मान डोलावते, बाईंच्या छातीकडे बघत घड्याळ वर करते आणि पहिल्यापासून मोजायला लागते.